धागा ग्रहणाच्या फोटोंचा, भांडण देवाचं

समस्या: ऑनलाइन चर्चास्थळावर किंवा ग्रुपात धागा (एका विषयावरची चर्चा) कशावरही असो, दर थोड्या दिवसांनी चर्चा धर्माच्या वादात अडकते. मूळ प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, जाणकार मंडळी काढता पाय घेतात आणि शेवटी धागा वाचनमात्र करावा लागतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या धाग्यावर पुन्हा तीच माणसं आणि तेच मुद्दे.

हे मुख्यतः ॲडमिन, संपादक, मॉडरेटर असं काहीतरी ओझं ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांच्यासाठी. साध्या सदस्यांना करता येण्यासारखंही थोडं आहे, ते पुढे येईल.

लक्षण

कुणीतरी विचारतं, येत्या सूर्यग्रहणाचे फोटो काढायचेत, दुर्बिणीला कुठला फिल्टर लावू? पहिले दोन प्रतिसाद कामाचे येतात. तिसरा लिहितो, ‘आम्ही ग्रहण बघत नाही, तुम्हीही जपून.’ चौथा: ‘अजून यातच अडकलात?’ पाचवा चौथ्याला त्याच्या धर्मातल्या चार गोष्टी ऐकवतो. सहावा म्हणतो की सगळे धर्म सारखेच, आणि हे वाक्य तर दोन्ही बाजूंना झोंबतं. मग प्रतिसादांचं शतक काही लांब नसतं.

या गदारोळात मध्येच कुणीतरी लिहून जातं की फिल्टर आयपीसला (डोळा लावतो त्या भिंगाला) लावला तरी चालतो. ही चूक साधी नाही. सूर्य बघताना फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर लावायचा असतो. आयपीसपाशी प्रकाश आणि उष्णता एकवटलेली असते, तिथला फिल्टर तडकू शकतो आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. शांत धाग्यावर हे कुणीतरी लगेच दुरुस्त केलं असतं. इथे कुणाचं लक्षच नाही, सगळे देव आहे की नाही यात गुंतलेत.

भांडणामुळे मनस्ताप होतो, माणसं दुखावतात हे आहेच. पण ॲडमिनने आधी बघायचा तोटा हा: चुकीचं उत्तर तसंच राहिलं आणि विचारणारा ते वाचून गेला.

बिघाड कुठे होतो

बहुतेक ॲडमिन तिसऱ्या प्रतिसादावर बोट ठेवतात. माझ्या मते बिघाड चौथ्यात आहे. विषयाबाहेरचं एखादं वाक्य कुठल्याही गप्पांत येतंच. कुणी पावसाचं काढतं, कुणी साहेबाचं, आणि ते विरून जातं. धर्माचं विरत नाही, कारण त्याला उत्तर दिलं जातं. म्हणजे निदान करताना ‘धर्म कुणी काढला’ यापेक्षा ‘त्याला पहिलं उत्तर कुणी दिलं आणि का’ हे विचारणं जास्त उपयोगी.

उत्तर देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं वागणं समजण्यासारखं असतं. चारचौघांत लिहिलेल्या वाक्यावर आपण गप्प बसलो तर आपल्याला ते मान्य आहे असं होईल, ही भीती खरी असते. श्रद्धावंतालाही असते, नास्तिकालाही. त्यात भर म्हणजे फिल्टरबद्दल बोलायला थोडी माहिती लागते, देवाबद्दल बोलायला प्रत्येकजण पात्र असतो. इतका वेळ नुसतं वाचत बसलेल्या शंभर लोकांना अचानक आपलाही विषय सापडतो.

वातावरणाचाही हात असतो. २०१७ साली स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना आधी सोपी चाचणी दिली, काहींना वैताग आणणारी अवघड. मग एका लेखाखाली प्रतिक्रिया लिहायला सांगितलं. काहींना आधीच्या प्रतिक्रिया सभ्य दाखवल्या, काहींना खवचट. चाचणी सोपी आणि आधीच्या प्रतिक्रिया सभ्य, तेव्हा सुमारे ३५ टक्के लोकांनी त्रासदायक काहीतरी लिहिलं. चाचणी अवघड आणि प्रतिक्रिया खवचट, तेव्हा ६८ टक्के. ही माणसं सराईत भांडखोर नव्हती. म्हणून ‘आपल्याकडे दोन-तीन विघ्नसंतोषी आहेत, त्यांना काढलं की झालं’ हे निदान बहुतेक वेळा अपुरं ठरतं. दोन-तीन असतातही. पण पहिला खवचट प्रतिसाद तासभर तसाच राहिला की चांगली माणसंही तशीच लिहायला लागतात.

जे उपाय चालत नाहीत

‘धर्मावर बोलायला बंदी’ हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात लवकर मोडणारा नियम. आजारी माणसाच्या चौकशीत कुणी ‘देवाच्या कृपेने बरे आहेत’ लिहिलं तर ते उडवायचं का? नाही उडवलं तर दुसरा विचारणार, मग माझं ‘कृपा डॉक्टरांची’ का उडवलं? बंदीच्या नियमाने ॲडमिनवर रोज एक धर्मनिवाडा लादला जातो, आणि नेमकं तेच त्याने टाळायचं असतं.

‘कृपया सर्वांनी शांत राहा’ हे निरुपद्रवी आहे, पण निरुपयोगीही आहे. प्रत्येकाला वाटतं की हे समोरच्याला उद्देशून आहे.

‘दोन्ही बाजूंनी थोडं मागे या’ हे मात्र कधी कधी आगीत तेल ओतणारं ठरतं. २००७ साली जेरेमी जिंजेस, स्कॉट अॅट्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांमध्ये केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या गोष्टी लोक पवित्र मानतात त्यांवर तडजोड करायला पैशांसारखं आमिष दाखवलं की राग वाढला. समोरच्या बाजूने काही प्रतीकात्मक सोडलं किंवा मान्य केलं, तर विरोध थोडा निवळला. कुठे तो संघर्ष आणि कुठे आपला फिल्टरचा धागा, पण मी त्यातून आपल्या कामापुरतं एवढं घेतो: श्रद्धेच्या बाबतीत सौदा करायला जाऊ नये, दखल घ्यावी. पुढच्या उपायात याचा थेट उपयोग आहे.

गुपचूप प्रतिसाद उडवणं सगळ्यात वाईट. ज्याचा उडाला तो हुतात्मा होतो, आणि ‘माझा प्रतिसाद का उडवला’ हा नवा धागा जुन्यापेक्षा जास्त चालतो.

तातडीचा उपाय

वाद पेटलेला दिसला की क्रम महत्त्वाचा आहे, कारण बरेच जण उलटं करतात: आधी सुनावतात, मग हलवतात आणि मूळ प्रश्न विसरूनच जातात.

आधी वेग कमी करा. टेलिग्रामच्या ग्रुपात स्लो मोड आहे, एकाच माणसाच्या दोन मेसेजमधलं अंतर काही सेकंदांपासून तासाभरापर्यंत ठेवता येतं. डिस्कॉर्डवर ६ तासांपर्यंत. धागा कुलूपबंद करण्यापेक्षा हे बरं. कुलूप घातलं की शेवटचा शब्द ज्याचा राहिला तो जिंकल्यासारखं होतं. वेग कमी केला की मात्र एकामागून एक चार प्रतिसाद टाकणाऱ्याला एकच टाकता येतो, आणि तो जरा विचार करून लिहिलेला असतो.

मग हलवा. डिस्कोर्ससारख्या चर्चास्थळं चालवायच्या व्यवस्थेत निवडक प्रतिसाद उचलून नवा धागा करता येतो. पहिल्या भांडखोर प्रतिसादापासून हलवू नका, धर्माच्या पहिल्या उल्लेखापासून हलवा. आपल्या उदाहरणात तिसऱ्यापासून. चौथ्यापासून हलवलं तर तिसऱ्याचं म्हणणं मूळ धाग्यावर शेवटचं राहतं आणि तुम्ही एका बाजूला झुकल्याचा आरोप होतो. तो चुकीचाही नसतो. बिघाड चौथ्यात आहे हे निदानासाठी, कापायची जागा तिसऱ्याच्या आधी.

नव्या धाग्याचं नाव फार जपून द्या. ‘ग्रहण आणि अंधश्रद्धा’ असं दिलं की निकाल लागला. ‘ग्रहणाबद्दलच्या श्रद्धा आणि आक्षेप’ हे कंटाळवाणं आहे, म्हणूनच चांगलं.

आणि मग मूळ धाग्यावर एक सूचना. मी साधारण अशी लिहितो:

‘हा धागा ग्रहणाच्या छायाचित्रणाचा आहे. ग्रहण आणि श्रद्धा हा विषय अनेकांना महत्त्वाचा वाटतो हे दिसतंय, म्हणून त्यावरचे प्रतिसाद क्रमांक ३ पासून स्वतंत्र धाग्यावर नेले आहेत. कुणाचंही काही उडवलेलं नाही. आता मूळ प्रश्न: फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर लावायचा की आयपीसला? वर एका प्रतिसादात आयपीस म्हटलंय, ते धोकादायक आहे. पुढच्या तोंडावरच लावा. कुणाकडे चांगल्या फिल्टरचा अनुभव असेल तर लिहा.’

यात दखल आहे, कुणाची बाजू नाही, काय केलं ते उघड सांगितलंय, आणि निम्मी सूचना मूळ विषयाबद्दल आहे. हा शेवटचा भाग नेहमी गळतो. नुसतं ‘अवांतर नको’ लिहिलं की धागा मरतो, कारण आता तिथे काय लिहावं हे कुणालाच कळत नाही. विषयाचा प्रश्न पुन्हा विचारला की फिल्टरवाला जाणकार परत येण्याची शक्यता तरी राहते.

हलवलेल्या धाग्याचं पुढे काय होतं? बरेचदा काहीच नाही. प्रेक्षक मागेच राहिलेले असतात, आणि प्रेक्षकांशिवाय भांडायला फार कमी लोकांना आवडतं. जे खरोखर त्या विषयावर बोलू इच्छितात ते थांबतात आणि कधी कधी तिथली चर्चा मूळ धाग्यापेक्षा सरस होते. दोन्ही चालेल.

व्हॉट्सॲपवर ही सोय नाही. तिथे एकच प्रवाह असतो, उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. तिथे थोड्या वेळासाठी फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करा (ही सोय २०१८ पासून आहे), वरच्यासारखी सूचना टाका, मूळ प्रश्न कोट करून त्याचं उत्तर तिथेच द्या आणि पुन्हा खुलं करा. ज्यांना वाद पुढे न्यायचाय त्यांना वेगळा ग्रुप काढून द्या. ‘आपापसात बोला’ असं म्हणणं आणि ग्रुप काढून देणं यात फरक आहे: पहिल्यात हाकलल्याचा भाव येतो.

हलवण्याची कल्पना नवी नाही

इंटरनेट घराघरांत पोचण्याआधी यूझनेट नावाचं चर्चागटांचं जाळं होतं, १९८० पासूनचं. तिथे जीवशास्त्राच्या गटांत उत्क्रांती विरुद्ध ईश्वरी निर्मिती हा वाद सतत घुसायचा. १९८६-८७ च्या सुमारास यूझनेटच्या गटांची मोठी फेररचना झाली तेव्हा न संपणाऱ्या वादांसाठी ‘टॉक’ ही स्वतंत्र शाखा निघाली. धर्मावरचा गट तिच्यात होता, आणि उत्क्रांतीच्या वादासाठी ‘टॉक डॉट ओरिजिन्स’ होता. उद्देश सरळ होता, विज्ञानाचे गट विज्ञानासाठी मोकळे राहावेत. गंमत म्हणजे अडगळीची खोली म्हणून काढलेल्या या गटात जाणकार रमले, आणि तिथल्या उत्तरांतून उत्क्रांतीवरच्या शंकांचा एक मोठा संग्रह उभा राहिला.

आजही हाच मार्ग दिसतो. स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या जाळ्यावर प्रोग्रामिंगपासून स्वयंपाकापर्यंत जशा स्वतंत्र साइट आहेत, तशाच हिंदू, इस्लाम, ख्रिस्ती, ज्यू आणि बौद्ध परंपरांवरच्या प्रश्नांसाठीही वेगवेगळ्या आहेत.

कायमचा उपाय

नियम लिहिलेले असतात, पण ते कुठेतरी तळाशी, कुणी न वाचणाऱ्या पानावर. ते चर्चेच्या माथ्यावर दिसले तर फरक पडतो का, हे नेथन मटियास यांनी रेडिटच्या विज्ञान विभागात २,१९० चर्चांवर तपासलं. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. चर्चेच्या वरच नियम चिकटवले तेव्हा नवख्यांनी नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्के-बिंदूंहून अधिक वाढलं, आणि नवख्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी. नियम दाखवले की लोक बिचकतील ही भीती इथे उलटी ठरली. मला यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो: शांतपणे वाचणाऱ्याला इथे बोललं तर आपल्या अंगावर कुणी येणार नाही असा भरवसा मिळाला की तो लिहितो.

नियम मात्र धर्माचा नको, विषयाचा हवा. माझी कसोटी एकच आहे: हा प्रतिसाद काढला तर विचारणाऱ्याला मिळणारं उत्तर बदलतं का? बदलत असेल तर राहू द्या, मग त्यात धर्म असो वा नसो. बदलत नसेल आणि त्यावर दुसरं उत्तर आलं असेल तर हलवा. बदलत नसेल आणि कुणी उत्तरही दिलं नसेल तर दुर्लक्ष करा, एकटं वाक्य कुणाला खात नाही.

या कसोटीने अवघड प्रकरणंही सुटतात. मधुमेही माणूस विचारतो, रमजानचे रोजे ठेवायचेत, औषधांच्या वेळा कशा ठेवू? इथे धर्म हाच प्रश्नाचा भाग आहे. ‘रोजे ठेवूच नका’ असं कुणी धर्मावर टीका म्हणून लिहिलं तर ते अवांतर. पण ‘इन्सुलिन घेत असाल तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो, आधी डॉक्टरांशी बोला’ हे अगदी विषयातलं. अवयवदानाच्या धाग्यावर ‘आमच्या धर्मात चालतं का’ असं खुद्द कुटुंबीय विचारत असतील तर तो प्रश्न खरा आहे. बंदीच्या नियमाखाली हे दोन्ही धागे उडाले असते.

उपहासाचा सापळा

२००५ मध्ये एका ख्रिस्ती चर्चास्थळावर उत्क्रांतीचाच वाद चालू असताना नेथन पो या सदस्याने लिहिलं की हसरा चेहरा किंवा तसली खूण नसेल तर निर्मितीवाद्याचं (ईश्वरी निर्मिती मानणाऱ्याचं) विडंबन असं करताच येत नाही की कुणीतरी ते खरं मानणार नाही. पुढे याला पोचा नियम म्हणायला लागले. आपल्या कामासाठी अर्थ असा की धर्माच्या संदर्भातला खवचटपणा लेखी मजकुरात वाया जातो, उलट खरा समजला जातो. म्हणून उपहासाचा प्रतिसाद आला की ‘विनोद होता’ हे स्पष्टीकरण ऐकून घ्या, पण प्रतिसाद तरीही हलवा. हेतू तपासत बसलात तर संध्याकाळ गेली.

तरीही पुन्हा पुन्हा होत असेल तर

नोंदी पाहा. तेच दोन आयडी प्रत्येक वेळी असतील तर प्रश्न चर्चेचा राहिलेला नाही, त्या दोघांचा आहे. थेट हकालपट्टीआधी विकिपीडियावर वापरतात तसा विषयापुरता मज्जाव करून पाहा: इथे सगळीकडे लिहा, फक्त धर्माच्या संदर्भात तीन महिने काही लिहायचं नाही. हे खासगीत आणि दोघांनाही सांगायचं. एकाला सांगून दुसऱ्याला सोडलं की पहिला डुप्लिकेट आयडी घेऊन परत येतो, आणि त्यात तुमचाही वाटा असतो.

दुसरी शक्यता: तुमचा स्वतःचा कल. आपल्याला पटणारा अवांतर प्रतिसाद अवांतर वाटतच नाही. शंका आली की प्रतिसादातल्या धर्माचं नाव बदलून वाचा, किंवा श्रद्धेच्या जागी नास्तिकता घाला. तरीही तेच केलं असतं का? उत्तर द्यायला वेळ लागत असेल तर निर्णय सहकाऱ्याकडे द्या, शक्यतो ज्याचं मत तुमच्याहून वेगळं आहे त्याच्याकडे. ॲडमिन मंडळात सगळे एकाच मताचे असतील तर हा लेख फारसा कामाचा नाही, आधी मंडळ बदला.

ॲडमिन नसाल तर

चौथा प्रतिसाद तुमचा नसेल एवढं बघा. गप्प बसणं म्हणजे संमती वाटत असेल तर एका ओळीत ‘याबद्दल माझं मत वेगळं आहे, पण इथे नको’ असं लिहा आणि त्याच प्रतिसादात मूळ प्रश्नाबद्दल काहीतरी कामाचं लिहा. तक्रारीचं बटण वापरा, आणि वापरलं हे धाग्यावर जाहीर करू नका. पॉपकॉर्नची चित्रं टाकणाऱ्यांना तर हात जोडून विनंती: तुमच्यामुळे भांडणाला प्रेक्षक मिळतात.

आणि महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी तो जुना, हलवलेला धागा शोधून ‘मला आत्ताच दिसला’ म्हणत वर काढेल. त्यात नवी माहिती असेल तर चालू द्या. नुसता जुन्या प्रतिसादाला टोला असेल तर तो धागा तेव्हा वाचनमात्र करा. इतक्या दिवसांनी कुलूप घातलं की हरकत घ्यायला बहुतेक कुणी उरलेलं नसतं.